बिनवासाची खोली

आई,

तुझा नातू आत्ता कुठे झोपलाय, आणि मी त्याच्या खोलीत जमिनीवर बसून तुला लिहितेय. या खोलीला कसलाच वास नाही. तुला हे खरं वाटणार नाही, कारण तुझ्या घरात प्रत्येक गोष्टीला वास होता. फरशीला फिनाइलचा, देवघराला उदबत्तीचा, तुझ्या बोटांना लसणीचा, आणि कपाट उघडलं की डांबराच्या गोळ्यांचा. इथे उदबत्ती लागत नाही, डासांची कॉइल नाही, प्लायवूडचं कपाट नाही, ऑइलपेंट नाही. भिंतींना नुसता चुना, लोखंडी खाट, तिच्यावर पिंजून भरलेल्या कापसाची गादी आणि वर मच्छरदाणी. येणारी माणसं दारातूनच बघून म्हणतात, वा, किती शांत वाटतं. सासूबाई कौतुकाने सांगतात, हे सगळं आमच्या व्याह्यांनी केलंय हं. ते खरंच आहे, ही खोली बाबांनी केली. का केली ते मला आणि बाबांनाच ठाऊक आहे, आणि आम्ही दोघं त्यावर कधी बोललेलो नाही. म्हणून तुला सांगायला बसले.

तुझी शेवटची थंडी. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. तू स्वयंपाकघरात गॅसच्या बाजूला पाट टाकून बसायचीस, तेवढीच ऊब म्हणून, आणि मांडीवर तुझ्या जुन्या सुती साड्या. ऑफिसला नेसून नेसून मऊ झालेल्या. तू त्यांचे चौकोन फाडतेयस आणि हाताने कडा दुमडून दुपटी शिवतेयस. पोट दुखायला लागलं की सुई कापडात टोचून ठेवायचीस, डोळे मिटायचीस, मग पुन्हा सुरू. मला ते बघवत नव्हतं. मी म्हणाले, "मला लग्नच करायचं नाहीये, कशाला उगाच फाडतेस?" तू मान वर न करता म्हणालीस, "तुझ्यासाठी कोण शिवतंय? मी त्याच्यासाठी शिवतेय. तू मध्ये बोलू नकोस." इतक्या जोरात झापलंस की बाबा बाहेरून बघायला आले. मग त्यांनाही हुकूम सुटला. "अहो, ऐका. ही पत्र्याची पेटी वरच्या फळीवर ठेवायची आणि दर दिवाळीला त्यात नव्या गोळ्या टाकायच्या. कसर लागली ना, तर वरून येऊन बोलेन." बाबांनी जन्मभर तुझं किती ऐकलं ते तू जाणतेस. दूध आणायला पाठवलं तर दही घेऊन यायचे. पण हे एक त्यांनी ऐकलं. तू गेल्यावर प्रत्येक दिवाळीत, फराळ होवो न होवो, बाबा स्टुलावर चढून पेटी काढायचे, झाकण उघडून थोडा वेळ तसेच बसायचे आणि मूठभर पांढऱ्या गोळ्या घड्यांमध्ये सारायचे. मी हॉस्टेलवरून आलेली असले की खोलीच्या दारातून बघायचे आणि मागच्या मागे परतायचे. ती त्यांची तुझ्याशी भेट होती, त्यात मी काय करणार?

मग माझं लग्न झालं, इथेच, इंदुरात. मी शाळेत सायन्स शिकवते. बाळंतपण माहेरी करतात म्हणे, पण माहेरी तू नव्हतीस. बाळ झालं आणि बाबा रिक्षातून पेटी मांडीवर घेऊन सासरी आले. चेहरा असा, की जणू तुलाच घेऊन आलेत. मी झाकण उघडलं आणि तो वास आला. आई, मी त्या दुपट्यांमध्ये तोंड खुपसून रडले. इतक्या वर्षांत तू माझ्या तेवढी जवळ कधीच आली नव्हतीस. तुझा वास म्हणून मला जो आठवत होता, तो सगळा त्या पेटीत होता. सासूबाईंचेही डोळे भरून आले. म्हणाल्या, "देखो, आजीची माया. बाळाला पहिलं हेच गुंडाळा." दुपटी तासभर गच्चीत उन्हात टाकली आणि आम्ही त्याला तुझ्या साडीत गुंडाळलं. खाली तू, वर तू, डोक्याला टोपडंही तूच.

दोन दिवसांत बाळ पिवळं झालं. आधी डोळे, मग पोट, मग तळपाय. दूध ओढेना, हाक मारली तरी डोळे उघडेना. हॉस्पिटलात त्याला निळ्या दिव्याखाली ठेवलं, डोळ्यांवर पट्टी बांधून. तेवढ्याने भागेना तेव्हा त्याच्या अंगातलं रक्त बदललं. एवढ्याशा अंगातलं रक्त. डॉक्टरीणबाई तरुण होती, घाईत होती, पण तिने एक गोष्ट नीट थांबून विचारली. "बच्चे के कपड़ों में फिनाइल की गोली रखी थी क्या? पुराने कपड़े, संदूक के?" इथे डांबरगोळीला फिनाइलची गोळी म्हणतात, तुला माहीतच आहे. मी हो म्हणाले. मग तिने समजावलं की काही मुलांच्या रक्तात जन्मतःच एक गोष्ट कमी असते, त्यांना ती गोळी म्हणजे विष. तिचा नुसता वास अंगात गेला तरी रक्त फुटायला लागतं. हे आईकडून मुलाकडे येतं, आईला काही त्रास नसतो. म्हणजे माझ्याकडून, आणि माझ्याकडे बहुतेक तुझ्याकडून. मी नववीच्या वर्गात दरवर्षी हीच गोळी उघडी ठेवून दाखवते. इकडच्या हिंदी पुस्तकात याला ऊर्ध्वपातन म्हणतात, आपल्या मराठीत संप्लवन; घन पदार्थाची सरळ वाफ होते, पाणी होत नाही. मुलांना रोज गोळी लहान होताना बघायला मजा वाटते. ती वाफ जाते कुठे, हे एकाही मुलाने कधी विचारलं नाही आणि मीही नाही.

आता जे सांगायचं ते इथे आहे. हॉस्पिटलच्या त्या बोळात आम्ही सगळे होतो. तुझे जावई भिंतीला टेकून उभे. बाबा बाकावर, हातात चहाचा थर्मास. सासूबाई रडत रडत म्हणाल्या, "पण गोळ्या टाकल्या कोणी त्यात?" त्यांनी कोणावर नेम धरला नव्हता, नुसतं विचारलं. बाबांनी त्याच दिवाळीत नव्या टाकल्या होत्या. मी बाबांकडे पाहिलं. ते थर्मासच्या झाकणाकडे बघत होते. सासूबाईंनी पुन्हा विचारलं आणि मी म्हणाले, "मी." त्या म्हणाल्या, "तू? अगं, बच्चों को सायन्स शिकवतेस ना तू? इतकं तर मालूम पाहिजे!" तुझ्या जावयांची नजर मला अजून आठवते. बाबा उठले. मला वाटलं, बोलणार. ते नळावर गेले, थर्मास विसळला, परत आले आणि जावयांना म्हणाले, "खोलीची चाबी देता का जरा? बाळ यायच्या आधी ती नीट करून ठेवतो."

त्या दिवसापासून बाबा कामाला लागले ते आजतागायत थांबलेले नाहीत. खोलीतलं सगळं सामान त्यांनी एकट्याने गच्चीवर चढवलं. कपाट हॉलमध्ये सरकवलं, प्लायवूडचा पलंग विकून लोखंडी खाट आणली. रंगाच्या दुकानात दुकानदार म्हणाला, "अंकलजी, ये बच्चों वाला पेंट है, बिल्कुल स्मेल नहीं आती." बाबांनी डबा उघडायला लावला, नाक आत घातलं आणि म्हणाले, "आती है." तसेच उठून आले. मग चुना आणून ड्रममध्ये विरवला, त्यात डिंक घातला आणि सत्तरी गाठलेल्या माणसाने स्टुलावर चढून चार भिंती पांढऱ्या केल्या. बोटं फुटली होती. गादीवाल्याकडे कापूस पिंजून होईपर्यंत समोर बसून राहिले, कारण तो मध्ये जुना फोम भरेल अशी शंका. साबण बिनवासाचा, फरशीला नुसतं गरम पाणी. सासूबाईंना सव्वा महिना ओव्याची धुरी द्यायची होती. मी नको म्हटलं असतं तर महाभारत झालं असतं. बाबा दारात उभे राहून एवढंच म्हणाले, "विहीणबाई, नका." त्या निमूट शेगडी घेऊन गेल्या. खजरान्याला नवस बोलल्या, मोदक वाटले, पण त्या गणपतीची उदबत्तीसुद्धा या खोलीत आली नाही.

आणि दुपटी. हे मी पाहिलं नाही, सासूबाईंनी सांगितलं. बाबा सकाळी कचरागाडीपाशी ती घेऊन उभे होते. गाडीवरची बाई म्हणाली, "अंकल, इतने अच्छे कपड़े? मेरी बहू को होने वाला है, मैं ले लूँ?" तिने हात पुढे केला तशी बाबांनी दुपटी छातीशी धरली. "मत ले बाई. इसमें ज़हर है." मग घरात येऊन कात्री मागितली, अंगणात बसले आणि तुझं एक एक दुपटं कापून त्याच्या चिंध्या केल्या, म्हणजे कोणाच्याच बाळाच्या अंगावर जायला नकोत. तुझे टाके उसवले नाहीत म्हणे, कापड फाटलं पण कड तशीच राहिली. सासूबाई सांगताना रडल्या. "बाप पाहा कसा आहे," म्हणाल्या, आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. मला ते ऐकू आलंच. घरात कोणी पाहुणं आलं की ते वाक्य येतंच. हमारी बहू टीचर है, फिर भी. मी चहाचे कप गोळा करते.

बाळ वाचलं, हे आधी लिहायला हवं होतं. आता चालतो, पडतो, मच्छरदाणी ओढून काढतो, तुझ्यासारखं कपाळाला आठ्या घालून बघतो. पण मागून हाक मारली तर वळत नाही. परवा त्याच्या कानांची तपासणी झाली. कावीळ तेव्हा डोक्यापर्यंत चढली होती, त्याचं हे. मशीन लावावं लागेल, पुढे काय ते मग बघू म्हणाले. तपासणाऱ्या माणसाने फाइल उघडून सगळं पहिल्यापासून विचारलं. सासूबाई घरी होत्या, तुझे जावई ऑफिसात. तिथे मी आणि बाबा दोघंच. तो म्हणाला, "ये नेफ्थलीन कैसे हुआ, मैडम?" मी सावकाश सांगितलं. जुने कपडे होते, पेटीत होते, त्यात गोळ्या होत्या. मग थांबले. मुद्दाम थांबले, आई. बाबा बाळाच्या बुटाची नाडी बांधत होते. बांधलेलीच होती, ती सोडून पुन्हा बांधली. तो माणूस पेन धरून माझ्याकडे बघत होता. शेवटी मी म्हणाले, "मैंने रखी थी." बाबा म्हणाले, "मी पाणी घेऊन येतो," आणि बाहेर गेले.

मला कळतं सगळं. ही खोली म्हणजे त्यांचं बोलणं आहे, असं एखादी शहाणी बाई म्हणेल. मीही स्वतःला तेच समजावते. रोज दुपारी येतात, हातपाय धुतात, बाहेरचा शर्ट बदलतात, मग खोलीत येऊन भिंतीतल्या फडताळाचा खणन्‌खण उघडतात, वास घेतात, गादी उन्हात नेतात, कोणी आणलेलं प्लास्टिकचं खेळणं नाकाशी धरून परत करतात. कपड्यांत गोळ्यांऐवजी ठेवलेला वाळलेला कडुलिंब पालटतात. बाळाला मांडीवर घेऊन त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन बोलतात, म्हणजे त्याला ओठ दिसावेत. इतकं कोणाचा बाप करतो? पण मूग गिळून केलेलं सगळं मला पोचत नाही. सासरी मान खाली घालून मी वावरते आणि माझा बाप माझ्या बाजूला बसून भिंतीचा सुटलेला चुना खरवडतो. कधी कधी वाटतं, त्या भिंतीला डोकं लावून ओरडावं. तू असतीस तर एका वाक्यात त्यांच्याकडून काढून घेतलं असतंस. "अहो, बोला ना, दाबून कशाला ठेवताय?" ते तुला भीत होते, मला भीत नाहीत. मला बहुतेक ते आता टाळतात.

तुझाही राग आला होता. निळ्या दिव्याखाली तो पडलेला असताना फार आला. मग ते पाटावर सुई टोचून डोळे मिटणं आठवलं, आणि राग धरायला काही हाताला लागेना. तुला कुठे माहीत होतं? त्यांना तरी कुठे? चूक म्हणावी अशी कोणाचीच नाही. तोंडाने बोलायचं तेवढं राहिलंय.

हा कागद इथे ठेवता येणार नाही. बाबा सगळे खण उघडतात. बाळ उठायच्या आत फाडून टाकते. पण एक तुला म्हणून सांगते. त्या बोळात मी "मी" म्हणाले ते बाबांना वाचवायला, असं मी आजवर धरून चालले होते. तसं नव्हतं. मला वाटलं होतं की मी असं म्हणाले की ते ताडकन उठतील आणि म्हणतील, नाही, माझ्या पोरीने नाही, मी टाकल्या. तेवढ्यासाठीच मी बोलले होते. बेल वाजतेय, बाबाच असणार. आज तरी म्हणतील, असं दार उघडताना मला रोज वाटतं.