दोन बाटल्या पाणी

नाटे, १३ एप्रिल २०२६

प्रिय अस्लम,

अस्सलामु अलैकुम. आम्ही खुशाल आहोत, तूही ठीक असशील. वाडीतला उमेर सुट्टी संपवून उद्या तुमच्या मस्कतला परततोय. त्याच्या हाती हे पत्र आणि पाण्याच्या दोन बाटल्या देतेय. हसू नकोस. आधी दोन्हींतला एकेक घोट घे, मगच पुढे वाच. फोनवर तू माझं अर्धंच ऐकतोस, म्हणून हा खटाटोप.

प्यायलास? आता सांगते.

तुझी लेक महरीन यंदा युवा मंडळांच्या प्रकल्प स्पर्धेत उतरलीय. पोरांचे प्रकल्प दरवर्षी माझ्याच ओटीवर तयार होतात. थर्माकोलची दीपगृहं करून करून मी कंटाळले होते. यंदा म्हटलं, ज्याचं उत्तर मलाही ठाऊक नाही असं काहीतरी शोधा रे.

लांब जावं लागलं नाही. गडग्यापलीकडची यमुनाबाई तणतणत आली. "डाळ शिजतच नाय गो हमिदा! कुकरची रिंग बदलली, दुकान बदललं, आता घो बदलू काय?" तिचा नवरा, दादू बिचारा, मागेच उभा होता. पाण्याचाच दोष असेल म्हणून महरीनने जाऊन त्यांच्या विहिरीचं पाणी चाखलं. मचूळ! लहानपणी खेळून आलास की तू तिथलंच पाणी प्यायचास, आठवतंय?

मग पोरांनी वाडीतल्या सगळ्या विहिरींचं पाणी आणलं आणि कुठलं कुठलं ते न सांगता मला चाखायला लावलं. भरतीचं, ओहोटीचं, सकाळचं, संध्याकाळचं. एवढं पाणी मी इफ्तारलाही प्यायले नसेन. गंमत म्हणजे अगदी खाडीकाठच्या विहिरी गोड्या, आणि आतल्या दोनच मचूळ. एक यमुनाबाईची. दुसरी तोंडात घेतली नि मी थू केलं, ती आपली निघाली. रोजचंच पाणी, जिभेला सवय झाली होती.

"असं कसं गं?" मी विचारलं. महरीनने आपल्या विहिरीवरच्या मोटरकडे पाहिलं नि म्हणाली, "फुफी, मोटर थोडे दिवस बंद ठेवूया?"

अस्लम, ती मोटर तू माझ्या खांद्यासाठी बसवून दिलीस. बटण दाबलं की पाणी, मला कोण अप्रूप! माडांना दिवसदिवस सोडत होते. गोडं पाणी आपण उपसत गेलो आणि खालून खाडीचं खारं पाणी वर आलं, आपल्याकडे आणि त्यांच्याकडेही. मोटर बंद केल्यावर पाणी सुधारलंय, पुरतं नाही, पण पुष्कळ. लाल बुचाच्या बाटलीतलं पाणी मोटर चालू असतानाचं, निळ्या बुचाचं आजचं. फरक तुला कळला असेलच.

पोरीला कोडं सुटलं, तर खूश व्हायचं सोडून ती रडायला लागली. "बाबांनी एवढ्या प्रेमाने दिलेली वस्तू, आणि मी सगळ्यांसमोर सांगू?" तक्त्यावर तिने वाडीचा नकाशा काढलाय. प्रत्येक विहिरीपाशी नाव आहे, आपल्या विहिरीपाशी कोरं. तू हो म्हटल्याशिवाय रविवारी स्पर्धेला राजापूरला जाणार नाही म्हणते. मी समजूत घालायला गेले नाही. हे तिने तुझ्याच तोंडून ऐकायला हवं.

यमुनाबाईलाही अजून सांगितलेलं नाही. ती येता-जाता म्हणते, "भाऊ असावा तर अस्लमसारखा," आणि मी विषय बदलते.

रहाट पुन्हा बसवलाय. खांदा दुखतो, खोटं कशाला बोलू? पण अर्ध्या कळशा महरीन ओढते. रागवायचं तर माझ्यावर रागव. फोन मात्र तिला कर.

तुझ्या मायेवर कधीही शंका न घेतलेली आणि निळ्या बुचाचं पाणी पिणारी,
तुझी हमिदा आपा