भावाचा खेळ विंडोजवरच चालतो

५ ऑक्टोबर, रविवार
तीन ते साडेचार, गजूबरोबर. चार डाव, एक जिंकलो. माइक बंद. त्याचाही, माझाही. मार्चपासून असंच चाललंय. खेळात तयार वाक्यांची बटणं असतात: माझ्यामागे ये, थांब, मदत हवी, धन्यवाद. बहीणभावाचं सध्या तेवढंच बोलणं. तो अकोल्यात, मी अमरावतीत, आणि मध्ये हा खेळातला पूल, जो दोघांनी मिळून राखायचा.
शेवटचा फोन पाठ आहे मला. "ताई, हक्कसोडावर सही करशीन तवाच फोन कर." नाही केली सही. त्याला मोर्शीचा संत्र्याचा बगीचा विकायचाय. झाडं बाबांनी लावलेली, आणि बाबांना जाऊन तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते.
पण रविवारचे तीन वाजले की येतो. आज पुलावर मी पडले तर उठवायला परत फिरला आणि स्वतःच मेला. धन्यवाद दाबलं. दोनदा.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
विंडोज १० चे अपडेट आजपासून बंद. शाळेच्या लॅबमध्ये मी उन्हाळ्यातच विंडोजऐवजी लिनक्स टाकून मोकळी झाले. मुलांनी आठ दिवस कुरकुर केली, मग विसरली. घरचं मशीन मात्र राहिलंय. अकरा नंबरचं विंडोज त्याला चढत नाही, मदरबोर्ड जुना.
गजूचंही तेच. दोन्ही मशीन अकोल्याच्या एकाच दुकानात, एकाच दिवशी जुळवलेली. बोर्ड, कार्ड, पंखा, सगळं सारखं. निवडलं मी. तो नुसता खोके उचलायला. "ताई, तू जे घेशीन थेच मले." दुकानदाराला वाटलं आम्ही नेट कॅफे काढतोय.

१८ ऑक्टोबर, शनिवार
दिवाळीची सुट्टी. वेगळी डिस्क लावून तिच्यावर लिनक्स टाकलं. ग्राफिक्स कार्ड आपोआप ओळखलं, काही शोधावं लागलं नाही. पंख्याचा आवाजसुद्धा कमी. ट्रकचा खेळ चालतो. शेतीचा चालतो. विंडोजपेक्षा बरा. दुपारभर फार बरं वाटलं, उगीच स्वतःशी हसत होते.
मग पुलाचा. उघडतच नाही. कुठला खेळ लिनक्सवर चालतो याची यादी असते, तिथे यासमोर लाल खूण. खेळातली लबाडी पकडणारा त्यांचा पहारेकरी प्रोग्राम फक्त विंडोजलाच ओळखतो म्हणे. ठीक आहे. जुनी डिस्क राहू देते, रविवारपुरती. बाकी सहा दिवस लिनक्स.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
गेले नाही. तो आला नाही. पहिल्यांदाच.
प्रकाशच्या बहिणी आल्या, त्यांनी त्याला ओवाळलं. ताट मीच तयार करून दिलं. नंतर फ्रिजमधून दही काढायला म्हणून गेले आणि तिथेच उभी राहून रडले. दार उघडं म्हणून फ्रिज टूं टूं करायला लागला. नणंद विचारत होती काय झालं. काय सांगू.

२६ ऑक्टोबर, रविवार
खेळ उघडला तर आधी सूचना. नोव्हेंबरच्या नव्या पर्वापासून सुरक्षेची चिप नसलेल्या मशीनला प्रवेश नाही. आमच्या बोर्डात ती नाहीच. म्हणजे माझी जुनी डिस्कही बाद.
गजूनं वाचली असेल का? तो असल्या सूचना वाचत नाही, 'पुढे' दाबत सुटतो.
शेवटचा डाव संपल्यावर लगेच गेला नाही. पुलाच्या कठड्याशी उभा होता. मी शेजारी जाऊन उभी. यासाठी बटण नाही. माइक चालू करावासा वाटला. केला नाही.

२९ ऑक्टोबर, बुधवार
पर्याय:
नवीन मशीन, विंडोज ११.
हातात धरून खेळायचं ते लिनक्सवालं छोटं मशीन. गोड दिसतं, पण पूल त्याच्यावरही नाही.
आहे त्याच मशीनवर निव्वळ लिनक्स.
प्रकाश म्हणाला, "एका खेळासाठी मशीन? त्यापेक्षा अकोल्याले जाऊन ये. दोन घंट्याचा रस्ता हाय." बोलायला सोपं आहे. सहीशिवाय मी त्या दारात गेले आणि त्यानं तोंड फिरवलं तर?
दिवसभर विचार केला. गजूचं मशीन माझ्याच मशीनचं जुळं भावंड, म्हणजे तोही बाद. तो नसेल तर पुलावर मी कोणासाठी जाऊ? झालं ठरवून. विंडोजची डिस्क पुसली, तिथेही लिनक्स. खरं लिहायचं तर थोडं सुटल्यासारखंच वाटलं. खेळ बंद पडला, आम्ही नाही पाडला.

९ नोव्हेंबर, रविवार
तीन वाजून चार मिनिटांनी मेल. 'तुमचा साथीदार तुम्हाला बोलावतो आहे.' खाली गजूचं नाव.
तीनतीनदा वाचलं. म्हणजे त्यानं नवीन मशीन घेतलं. मला न विचारता. चार्जर घ्यायचा तरी फोन करायचा हा मुलगा. कुठून घेतलं, कोणी लावून दिलं, फसवलं तर नाही कोणी? रागच आला आधी. मग बसून राहिले. आमंत्रण उघडायला विंडोज लागतं आणि ते मी माझ्या हातानं पुसलंय.

१६ नोव्हेंबर, रविवार
परत मेल. तीन वाजून दोन मिनिटं.

२३ नोव्हेंबर, रविवार
आज दोन मेल. तीनला आणि साडेतीनला.
प्रकाश : "फोन लाव ना त्याले."
मी : "त्यानं लावावा."
"तो लावणार नाई, तू लावणार नाई. दोघंई बाबावर गेले."
खरं आहे. अडेलतट्टू आहे मी, हे कळतंही मला. पण फोन करू नको असं तो म्हणाला होता, मी नाही. आणि मेल तर कंपनीकडून येतो, त्यात त्याचा शब्द एकही नाही. असं स्वतःला समजावते दिवसभर. आज भाजी जळली.

३० नोव्हेंबर, रविवार
मेल नाही.
साडेचारपर्यंत पाहत होते. नाहीच.

६ डिसेंबर, शनिवार
घेतलं नवीन मशीन. राजकमल चौकाजवळच्या त्या नेहमीच्या दुकानातून. विंडोजसकट द्या म्हटलं तर दुकानदार हसायला लागला. "मॅडम, तुमी त सगळ्यायले लिनक्सच सांगता. आता तुमालेच काहून विंडोज पायजे?" एक खेळ आहे, म्हटलं. कोणता, विचारत होता. सांगितला नाही.
संध्याकाळपर्यंत सगळं लावून झालं. पूल उघडला. नवीन पर्वात कठडे रंगवलेत.

७ डिसेंबर, रविवार
पावणेतीनलाच बसले. साथीदारांच्या यादीत गजूचं नाव करडं, म्हणजे तो खेळात नाही. तीनला आमंत्रण पाठवलं. सव्वातीनला परत. साडेतीनला फोन लावला. मार्चनंतर पहिला.
वर्षानं उचलला, त्याच्या बायकोनं. "थे झोपले हायेत ताई." तिच्या मागे कीबोर्ड वाजत होता. खडखड, मग थांबून परत खडखड. त्यांच्या घरी दुसरं कोणी कीबोर्डला हात लावत नाही. यादीत नाव करडं ठेवून लपून खेळता येतं. ते त्याला मीच शिकवलं होतं.
"काई निरोप हाय का?" तिनं विचारलं. सहीबद्दल विचारत होती की खरंच निरोप, कळलं नाही. मी म्हणाले, "उठला की सांग, ताईनं मशीन घेतलं." मागचा आवाज थांबला. वर्षा म्हणाली, "सांगते."
साडेचारपर्यंत बसले. नाव करडंच होतं. पुढच्या रविवारी तीनला परत बसणार आहे.