मागे नुसतं सामान

दादा,

चहा गाळून ठेवलाय, गरम करून घे. पातेलं तूच घास, आईवर ढकलू नकोस.

काल तुझी मुलाखत ऐकली. "अख्खा सिनेमा मी एकट्याने केला. गाडीत फक्त मी आणि हीरो, मागे नुसतं सामान." वा रे वा! कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून मागे पाय ठेवायच्या जागेत, चादर पांघरून, माइक धरून अख्खा घाट कोण पडून होतं? उलटी आली तरी तोंड दाबून धरलं, कारण पुढे तुमचा रडायचा सीन चालू होता. वर तू म्हणालास, "श्वास हळू घे गं, ऐकू येतोय."

आता नीट वाच. कॅमेऱ्याचा माइक तू पहिल्याच मुक्कामी पाण्यात पाडलास. तेव्हापासूनचा सगळा आवाज माझ्या रेकॉर्डरवर आहे आणि रेकॉर्डर माझ्या पिशवीत. तुझ्या कॉम्प्युटरवर उतरवलेला होता, तोही पुसलाय. चित्राला बोट लावलेलं नाही. ते खरंच तुझं आहे.

संध्याकाळी महोत्सवाची माणसं सिनेमा बघायला येणार आहेत ना? खुशाल दाखव. हीरो ओठ छान हलवतो. संवाद तुला पाठ आहेतच, पडद्याशेजारी उभा राहून बोल. एकट्याने करायची हौस फिटेल.

मी कुठे गेलेय ते आईला माहीत नाही, तिच्या मागे लागू नकोस. मलाही फोन करू नकोस.

सामान फोन उचलत नसतं.