काटा कोणाचं ऐकतोय?

प्रिय अहो,

पत्रात तरी तुमचं नाव घालावं म्हणून बसले, पण नाही जमलं. लग्न झाल्यापासून 'अहो'च. आता ऐकायला कोणी नाही, तरी हात धजावत नाही.

लिहितेय कारण रविवारी वज्रेश्वरीहून भाऊजी येणार आहेत, तुमचा कॉम्प्युटर न्यायला. "वहिनी, नुसता पडूनच हाय ना तो? पोरांना व्हईल. फॉरमॅट मारून घेतो," म्हणाले. मी हो म्हटलं. त्यांचं काय चुकलं? त्यांना कुठे ठाऊक, तुमचं विमान अजून त्यात ढगात अडकलंय ते!

कंपनीने तुमच्या त्या सहा सीटच्या विमानात जीपीएसचा डबा बसवला तेव्हा तुमचं तोंड काय झालं होतं! "इतकी वर्षं जमिनीवरच्या स्टेशनचा सिग्नल धरून ढगातून उतरलो, आता या वयात बटणं शिकू?" म्हणून दोन दिवस फुगून बसलात. मग घरच्या कॉम्प्युटरवर विमानाचा प्रोग्राम घातलात आणि सुट्टी असली की जेवणाच्या टेबलावरून मुंबईला उतरायला लागलात. मी समोर मटार सोलतेय, तुम्ही ढगात. शेजारणी हसायच्या मला.

तुमचं अडायचं एकाच ठिकाणी. दिशा दाखवणारा काटा एक, सिग्नल दोन. लांबचा रस्ता उपग्रहाचं ऐकून यायचं, पण धावपट्टी जवळ आली की बटण दाबून काटा जमिनीवरच्या स्टेशनकडे वळवायचा. तेवढंच नेमकं विसरायचात! शेवटी मीच म्हटलं, "सोपं आहे हो. उपग्रह म्हणजे तुमच्या आई, वज्रेश्वरीत बसून त्यांना सगळं दिसतं. स्टेशन म्हणजे मी. घर जवळ आलं की माझं ऐकायचं." किती हसलात! त्यानंतर उतरायच्या आधी दर वेळी मी विचारायचं, "अहो, कोणाचं ऐकताय?" आणि तुम्ही बटण दाबून म्हणायचं, "तुझं गं बाई, तुझंच."

आणि आपल्या भिवंडीची लाइट! ऐन ढगात जायची. मागच्या कारखान्यातले लूम एकदम गप्प, आणि त्या शांततेत शेजारच्या चाचांची खिडकीतून हाक, "कॅप्टन साब, उतर गये के लटके हो?" तुम्ही अंधारातून ओरडायचात, "लटके हैं चाचा!" आता लाइट गेली की चाचा आपल्या खिडकीकडे बघतात आणि आत जातात. लूम चालू असतात तोवर मला बरं असतं. बंद पडले की घर खायला उठतं.

एकदा खऱ्या ढगातही विसरलात. नाशिकहून येताना. घरी येऊन भाकरी मोडता मोडता सांगत होतात, "काटा मस्त मधोमध, पण किती खाली यायचं ते सांगणारा दुसरा काटा, जो फक्त स्टेशनच्या सिग्नलवर चालतो, तो काही हलेना. कळेना काय झालंय. आणि कानात तुझा आवाज आला बघ, कोणाचं ऐकताय?" तुम्ही हसत होतात. मी हातातला घास ताटात ठेवला.

मग त्या दिवशी का नाही ऐकलंत हो? सकाळपासून कॉम्प्युटरसमोर बसून छाती चोळत होतात. डॉक्टरकडे चला म्हणून किती मागे लागले! "ॲसिडिटी आहे गं. एवढं उतरवतो, मग जाऊ." दरदरून घाम फुटला तेव्हा उठलात. उठतानाही फ्लाइट सेव्ह केलीत, "राहू दे, आल्यावर उतरवू." रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं टेकलंत ते टेकलंतच.

ढगात माझं ऐकायचं आणि घरात नाही? मला राग आहे याचा, अजून आहे. लोक म्हणतात नशीब. नशीब कसलं डोंबलाचं! हट्ट तुमचा!

त्यानंतर मी ते मशीन उघडलंच नाही. त्यावर कापड घालून ठेवलं. उतरवलं की संपलं. नाही उतरवलं तर तुम्ही अजून येताय, वाटेत आहात, एवढं तरी मनाशी म्हणता येतं. वेडेपणा आहे, कळतं मला. पण या घरात मला शहाणं कोणासाठी राहायचंय?

आज दुपारी कापड काढलं. भाऊजींनी पुसून टाकायच्या आधी एकदा बघावं म्हटलं. मशीन चालू करून तुम्ही सेव्ह केलेली फ्लाइट उघडली. समोर ढग, सगळं पांढरं. उंची, वेग, दिशा, तुम्ही सोडून उठलात तसंच. आणि सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, कोणाचं ऐकताय?"

कोण बोलणार? मग चष्मा लावून मीच बटण पाहिलं.

दाबलेलं होतं. काटा स्टेशनकडे वळवलेला होता. त्या दिवशी मी विचारलंही नव्हतं हो! तुम्ही डॉक्टरकडे येत नाही म्हणून मी स्वयंपाकघरात भांडी आपटत होते. तरी न विचारता तुम्ही बटण दाबलं होतंत.

टेबलावर डोकं ठेवून खूप रडले. लूम चालू होते म्हणून कोणाला ऐकू गेलं नाही.

आता ठरवलंय. शनिवारी, भाऊजी यायच्या आदल्या दिवशी, मी ते विमान उतरवणार. मला कुठे येतंय? पण एवढी वर्षं समोर बसून बघितलंय. आपटलं तर आपटलं, हसू नका. ढगात लटकत मात्र नाही ठेवणार तुम्हाला. लाइट तेवढी टिकू दे. घर जवळ आलंय, आता माझंच ऐका.

तुमची,
नीला