कलमाला ताण देत नाहीत

सौंसर,
मंगळवार, १३ मे २०२५

चि. स्वप्निल,

ताईचे आशीर्वाद. ते आधी घे, राग नंतर कर. इकडे सगळे बरे आहेत. ऊन असं आहे की कूलरमध्ये पाणी ओतून ओतून माझे हात दुखायला लागले. सायलीची तब्येत छान आहे. दोन्ही वेळा पोटभर जेवते. काल भाकरीबरोबर कैरीचं लोणचं बोट दाखवून दाखवून घेतलं.

पत्र कशाला, म्हणशील. अरे, फोनवर तू आपलं म्हणणं सांगतोस आणि कट करतोस. कागद कट करता येत नाही. फाडता येतो, पण मी ह्यांना बजावून पाठवते आहे की तू वाचून होईपर्यंत समोरून उठायचं नाही. त्यांना चहा पाज, साखर कमी.

तर आधी माझं. सायलीला उन्हाळ्यात इथे डान्स क्लासला घालते, असं मी तुला सांगितलं होतं. क्लास नाही. खोटं बोलले. रश्मीला काही बोलू नकोस, पोरीची आई म्हणून ती नाहीच म्हणत होती, मीच तिच्या मागे लागले. लोधीखेड्याच्या चंद्रकलाकाकूंनी तुला फोन करून सांगितलं ना, "तुमची पोरगी येड्याइच्या शाळेत जाऊन राहिली" म्हणून? काकूंच्या तोंडाला झाकण नाही हे आपल्याला कळत्या वयापासून माहीत आहे. यावेळी मात्र त्यांची बातमी अर्धी खरी निघाली.

ते उन्हाळी शिबिर आहे. सुट्टीत शाळा रिकामी, तिच्या खोल्यांत भरतं. सकाळी जायचं, ऊन चढायच्या आत घरी. विजयमाला मॅडम म्हणून आहेत, नागपूरला मुलांच्या मनाचे डॉक्टर असतात त्यांच्याकडे बरीच वर्षं काम केलेल्या, आता माहेरी परत आल्यात. त्या आणि त्यांच्या हाताखाली अमिता दीदी, दोघी मिळून चालवतात. मुलं थोडीच आहेत. कोणी चार लोक दिसले की रडतं. बोरगावचा एक आहे, त्याला राग आला की तो चावतो, मला पण चावला, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून चॉकलेट आणून दिलं. आपल्या सायलीचं घराबाहेर तोंड उघडत नाही. वेडं त्यात कोणी नाही रे.

घरात दिवसभर टकळी चालवणारी पोर शाळेच्या फाटकात शिरली की मुकी, हे तू किती सोसलंस ते मी पाहिलं आहे. मॅडम म्हणतात, हा हट्ट नाही, भीती आहे. बोलायचं असतं तिला, पण गळा आवळतो. मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर मीही तिला उगाच "बोल ना गं, काकांना नाव सांग" म्हणून छळलं नसतं.

तू काही केलं नाहीस असं कोणी म्हणू शकणार नाही. नागपूरला कान तपासून आणलेस. जामसावळीला मारुतीचे मंगळवार केलेस. शाळेच्या सरांशी भांडलास. आणि ह्या सगळ्याला यश आलं नाही तेव्हा होळीनंतर तू तुझा तो उपाय काढलास. रश्मीने मला रडत रडत सांगितलं. "संत्र्याले ताण देल्याशिवाय बहार येते का? आता मी तिच्याशी बोलणंच बंद करतो. मंग पाय, कशी बोलत नाई."

मला हसूही आलं आणि तुझी कीवही आली. बागेचं पाणी तोडायचं, झाड सुकू द्यायचं, मग पाणी सोडलं की ते फुलांनी भरतं, हे आपण अ-आ-इ-ई शिकायच्या आधी शिकलो. त्यामुळे हा घोटाळा आपल्याच घरात होऊ शकतो. पण अरे शहाण्या, ताण मोठ्या झाडाला देतात. नव्या कलमाला कधी देतात का? बाबा काय करायचे? मोठी झाडं तहानलेली ठेवायचे आणि कलमांना हाताने पाणी घालायला आपल्याला पाठवायचे. तू कुरकुर करायचास, पण घालायचास. सायली आठ वर्षांची आहे, स्वप्निल.

झालं काय, तर शाळेत ती बोलली नाहीच, उलट घरातलंही बोलणं गेलं. आधी तुझ्याशी, मग रश्मीशी. माझ्याकडे आली तेव्हा हो-नाहीसुद्धा मानेने. तुला वाटलं ती अडून बसली आहे. तू आणखी ताणलंस.

एवढं सगळं लिहिलं आणि जे लिहायचं ते अजून राहिलंच. मध्येच उठून दही लावून आले. वच्छलाबाई येऊन त्यांच्या सुनेच्या तक्रारी सांगून गेल्या. आता लिहितेच.

मॅडमची एक रीत आहे. मुलांना समोर बसवून "बोल" म्हणत नाहीत. चिंचांचा ढीग आणून ओततात. गोल बसायचं, चिंचा फोडायच्या, चिंचोके वेगळे काढायचे. हात गुंतलेले, नजर खाली, कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नाही. अमिता दीदी सायलीच्या बाजूला बसते आणि आपलीच काही ना काही बडबड करते. विचारत काहीच नाही.

शुक्रवारी मी तिला न्यायला जरा लवकर गेले. दारातच थांबले, कारण आतून आवाज आला. सायलीचा. मान वर न करता ती म्हणाली, "माह्या बाबालेबी आणा ना इथं."

दीदीचे हात थांबले नाहीत. "बाबाले?" एवढंच म्हणाली.

"त्याचीबी बोली अडकली. माह्यासारखीच. तो घरी येते, जेवते, बोलतच नाई. आई म्हणते त्याले राग आला. राग नाई आला. मले मालूम आहे, गळ्यात अडकते ते."

मग पुष्कळ चिंचा फोडून झाल्यावर म्हणाली, "त्याले काई विचारू नका, दीदी. तो भेते. बाजूले बसा नुसतं."

मी तिथेच उभी राहून रडले. किती दिवसांनी तिचा आवाज ऐकला, आणि पोर पहिल्यांदा बाहेरच्या माणसाशी बोलली ती तुझ्यासाठी. तू तिला शिक्षा करतो आहेस हे तिच्या डोक्यातच आलं नाही. तुला आजार झाला आहे असं समजून ती तुझी काळजी करते आहे.

येत्या रविवारी तिला घेऊन जातो म्हणालास. पोर तुझी आहे, मी आडवी येणार नाही. पण शिबिर महिनाअखेरपर्यंत आहे. आत्ता कुठे तिला कंठ फुटतो आहे, आणि इथून उचललीस तर ती पुन्हा आत जाऊन बसेल अशी मला भीती वाटते. मॅडमलाही वाटते. शनिवारी आईबापांना बोलावलं आहे. ये. येणं होत नसेल तर तिला चार ओळी लिहून ह्यांच्या हाती दे. तिला वाचता येतं, आणि तुझ्यापेक्षा बरं येतं. फक्त प्रश्न विचारू नकोस. आणि "बोल" म्हणू नकोस.

रश्मीला आशीर्वाद. तुला कडेवर वागवून जिची कंबर कायमची गेली, ती तुझी

अर्चनाताई


पांढुर्णा,
गुरुवार, १५ मे

प्रिय सायली,

मी बाबा. मला पत्र लिहायची सवय नाही, अक्षर सांभाळून घे.

काळ्या शेळीला दोन पिल्लं झाली. एक पांढरं आहे, ते कोणाच्याही अंगावर चढते. काल माझी चप्पल चावली. विहिरीवरची मोटार जळली होती, नीट करून आणली. आई तुझ्या निळ्या फ्रॉकला बटण लावत आहे.

तू दीदीला सांगितलं ते आत्याने मला कळवलं. सुरुवातीला मी मुद्दाम गप्प बसलो होतो. ती माझी चूक झाली. मग एक दिवस तू अंगणात एकटी खेळत होतीस, तेव्हा तुला हाक मारावी वाटली, तर मला खरंच जमलं नाही. तू म्हणतेस तसं गळ्यात अडकलं. मला वाटलं होतं हे कोणाला कळणार नाही.

आत्याला सांग की तिने माझ्याशी खोटं... नाही, राहू दे. मीच सांगीन तिला.

शनिवारी पहिल्या बसने येतो. तुला न्यायला नाही. तुझ्या बाजूला थोडी जागा ठेव.

तुझा बाबा,
शिबिरातला नवीन