ही पट्टी अजून कोणी वापरतं का?

१२ जानेवारी, सोम.
पेणहून गाडी वेळेवर, रोह्यात गिरणीवरही वेळेवर. पोह्यांची दोन्ही मशिनं चालू आणि कुंदाकाकी फोनवर मशिनांपेक्षा मोठ्याने. मालकीणच ती, तिला कोण सांगणार. अशा गोंगाटात बोलणारा मोबाईल काय कामाचा? माझी ब्रेलची पट्टी बरी. कॉम्प्युटरवर ऑर्डर आली की तिच्या घरांतले बारीक ठिपके वर येतात आणि मी बोटांनी वाचते. अलिबाग, जाड पोहे, दोन पोती. ऑर्डरींच्या टेबलावर आंधळी बाई बसते याचं नव्या गिऱ्हाइकांना नवल वाटतं. जुनी गिऱ्हाइकं माल उशिरा गेला की सरळ शिव्या देतात.

पट्टी एका शाळेने टाकून दिलेली. धाकट्या भावाने, राजाने, कॉम्प्युटरवर लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम टाकून ती जिवंत केली. कंपनीतली शिफ्ट करून आला होता, जेवलाही नव्हता. असा भाऊ सगळ्यांना मिळो.

१५ जाने., गुरु.
लिनक्सवाल्यांच्या ग्रुपवर मेल. पुढच्या आवृत्तीपासून काही जुन्या यंत्रांचा सपोर्ट काढणार. नावं वाचत गेले, सातवं माझ्या पट्टीचं. खाली: "हे अजून कोणी वापरतं का? कोणी बोललं नाही तर काढून टाकू."

बोटं तिथेच थांबली.

राजा म्हणतो, जुनी आवृत्ती थोडे दिवस चालेल, मग एकेक पान उघडेनासं होईल. नवी पट्टी लाखाच्या घरात, ती घेण्याच्या गोष्टी नकोत. पट्टी गेली की टेबल गेलं. मग घरी बसून वाटाणे सोलायचे.

१७ जाने., शनि.
मेल लिहिला. शाळेतलं इंग्रजी, पण मनापासून. ही माणसं आपापली नोकरी सांभाळून फुकट काम करतात, त्यांच्याकडे आणखी काय मागायचं? लिहिलं की तुम्ही इतकी वर्षं माझी पट्टी सांभाळलीत, तुमच्यामुळे मी कमावते, हे मी कधी विसरणार नाही. पाठवल्यावर इतकं बरं वाटलं! राजा चिडवतो, "लाईट गेली नि परत आली तरी तू वायरमनला थँक्यू बोलशील." बोलेन. का नाही बोलायचं?

१९ जाने., सोम.
उत्तर आलं! मेल टाकणाऱ्याचंच, पट्टीचा भाग तोच सांभाळतो. काय गोड माणूस. "निरोपाचं इतकं सुंदर पत्र मला आजवर कोणी लिहिलं नव्हतं. आता हा भाग काढताना मन हलकं आहे."

निरोप?

राजाला वाचून दाखवलं. तो कपाळावर हात मारून, "ताई, त्यांनी विचारलं काय नि तू बोललीस काय! वापरते हाय, एवढंच बोलायचं होतं ना."

आता मी तरी काय करू? आमच्याकडे दोनदा नको म्हटल्याशिवाय कोणी वाढून घेत नाही, आणि वाढणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. तो आग्रह करेल म्हणून मी थांबले. तिकडे एकदाच विचारतात आणि भांडं झाकून ठेवतात.

२१ जाने., बुध.
काकीला सांगितलं. तिने दोन्ही मशिनं बंद करायला लावली, म्हणजे प्रकरण गंभीर. "तुला पायजे हाय ना गो? मग पायजे असं बोल. लाज कसली त्यात? नाय बोलला तर नाय." आणि मग, "तुझ्या जागी बसवू कोणाला मी? मला पत्ते धड वाचता येत नाय, नि हा मुकादम अलिबागचा माल म्हसळ्याला धाडील." मुकादम काहीतरी पुटपुटला, पण मशिनं पुन्हा सुरू झाली होती.

घरी येऊन लिहिलं. "मी ही पट्टी रोज वापरते. ती काढू नका." बस. आभार लिहायला हात शिवशिवत होते. नाही लिहिले.

२४ जाने., शनि.
उत्तर नाही. आज त्या माणसाचा राग आला. ज्याने आपल्यावर उपकार केले त्याच्यावर रागावायची माझी पहिलीच वेळ. मग स्वतःचा आला. आमटी खारट झाली, राजा गुपचूप जेवला.

२८ जाने., बुध.
आलं! काढायचं थांबवलंय. त्याने माफी मागितली, म्हणे गैरसमज झाला. देवा, भलं कर रे त्याचं.

पण पुढचं मी दोनदा वाचलं. त्याच्याकडे अशी पट्टी नाही. कधीच नव्हती. इतकी वर्षं, एकदाही हात न लावता, नुसत्या लोकांच्या तक्रारी वाचून तो ती चालती ठेवत आलाय. तक्रारी यायच्या थांबल्या तेव्हा त्याला वाटलं, आता कोणी उरलं नाही.

आणि मी! कधी ओळ अडकते, कधी शेवटचं अक्षर येत नाही, सगळं अंदाजाने भागवत होते. कशाला त्यांना त्रास, म्हणून. एक शब्द तक्रारीचा लिहिला असता तर मी आहे हे त्याला कळलं असतं.

आता विचारतोय, प्रत्येक नवी आवृत्ती आधी तुम्ही तपासाल का? आणि बिघडलेलं स्पष्ट सांगा. हो म्हटलं. एकदाच विचारलं, एकदाच हो.

१ फेब्रुवारी, रवि.
राजाने सुट्टीचा दिवस घालवून तपासायची आवृत्ती टाकली. ठिपके वर आले तेव्हा मी रडले, तो म्हणाला, "अजून तर काय वाचलं पण नाय." ओळ मात्र अडकते, आधीपेक्षा जास्त. सगळं लिहिलं, काही गिळलं नाही.

अर्ध्या तासात उत्तर. त्याच्याकडे तेव्हा सकाळ असावी. ओळ का अडकते ते त्याला कळत नाहीये. प्रयत्न करतो म्हणाला, पण आवृत्ती निघेपर्यंत नाही सुटलं तर पट्टी काढावीच लागेल, खोटी आशा दाखवत नाही. खरं बोलला, त्याबद्दलही बरंच वाटलं मला.

खाली आणखी एक ओळ होती. कामाचं नाही, सहज विचारतो: हाताला कशी लागते ती?

दोन तास बसले. ठिपक्यांचं लिहिलं, पुसलं. राजाला विचारलं तर म्हणे, "मला काय ठाव, मी तर डोळ्यानं वाचतो." शेवटी लिहिलं, रोह्याला या आणि स्वतः हात लावून बघा. परत वाचलं. मग शेवटी एक शब्द वाढवला: लवकर.