मांडी मिळणार नाही

मौजे कुसळवाडी, ता. परंडा,
जि. उस्मानाबाद.
रंगपंचमी, सन १९७८

तीर्थरूप दाजी यांच्या पायांशी व्यंकटचा दंडवत. (दंडवत रीतीप्रमाणं घातला आहे, मनापासून घातला असा गैरसमज करून घेऊ नये.) तुमची तब्येत ठीकच असेल. पुण्याचं पाणी गोड, भात मऊ, ऑफिसात डोक्यावर पंखा, तब्येत बिघडायला कारणच काय? आक्काच्या गुडघ्याला उतार पडला का ते कळवावं. बाळाचे केस डोळ्यांत जातात हे वाचून वाईट वाटलं. इकडं आबांचा दमा चालू आहे, आईचं बरं आहे, मेंढरंही बरी आहेत. मेंढरांचं मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढं त्यांचा विषय निघणार आहे.

तुमचं कार्ड परवा पोचलं. चैत्रात सोनारीला भैरवनाथाच्या दारी बाळाचं जावळ काढायचं ठरलंय, मामा म्हणून व्यंकटनं मांडी द्यायला वेळेवर हजर राहावं, इथवर मजकूर झकास होता. आईनं लगेच अंगड्या-टोपड्याचं कापड काढलं. पण दाजी, कार्डाच्या कडेला, जिथं मुंगीलासुद्धा बसायला जागा उरली नव्हती, तिथं तुम्ही बारीक अक्षरात आणखी एक ओळ कोंबली होती. ऑफिसचे दोन साहेब जीपनं येणार आहेत, त्यांच्यासमोर व्यंकटनं आपल्या कॉलेजचा विषय काढू नये. आता तुम्ही एवढे शिकलेले, तुम्हाला एक गोष्ट कशी कळली नाही, की कार्ड हे उघडं असतं? पोस्टमननं ते वाटेत वाचलं. मी सोसायटीत होतो (गटसचिव आहे, विसरला असाल म्हणून लिहितो), तिथं त्यानं ते चारचौघांत वाचून दाखवलं, आणि कडेची ओळ नीट लागेना म्हणून चष्मेवाल्या चेअरमनच्या हातात दिलं. चेअरमन म्हणजे शिवप्पाण्णा. म्हणजे ज्यांनी ते कॉलेज काढलं तेच. त्यांनी ओळ वाचली, चष्मा काढला, आणि युरियाच्या कोट्याबद्दल बोलायला लागले. त्यापेक्षा त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हा थोडक्यात लिहितो. मांडी मिळणार नाही.

आता सविस्तर लिहितो. गेल्या वर्षी बाळाच्या बारशाला मी पुण्याला आलो होतो. डोक्यावर खव्याचा डबा घेऊन एस्टीत उभ्यानं आलो होतो. तुमच्या दिवाणखान्यात तुमची मित्रमंडळी बसलेली. तुम्ही माझी ओळख करून दिली, "हे आमचे मेहुणे. हेही बी.ए. आहेत, पण तिकडचे." त्यातला एक सोनेरी काड्यांचा चष्मा म्हणाला की तिकडचे म्हणजे कुठले? आणि तुम्ही हसत हसत सांगितलं की तिकडं खताच्या गोदामात मेंढरू बांधलं तरी चार वर्षांनी बी.ए. होऊन बाहेर येतं. सगळे हसले. पेढा कुणाच्या तरी घशात अडकला आणि त्याला पाणी द्यावं लागलं. (पाणी मीच दिलं.) दाजी, मेंढरावर हसायचा अधिकार तुमच्या त्या चष्म्याला असेल, तुम्हाला न्हाय. तुमच्या वडलांनी सीना नदीच्या काठाकाठानं मेंढरंच वळली. तुमची पुण्याच्या नामांकित कॉलेजातली फी कुठल्या लोकरीतनं निघाली ते बाजारात अजून लोक सांगतात. (रागात माझी भाषा घसरते, तो तिकडच्या कॉलेजचा दोष समजावा.)

वर्षभर म्या गप बसलो. पण आता मांडीची गरज पडली, तर मांडी तेवढी पाहिजे आणि तोंड घरी ठेवून यायचं, ही कुठली रीत? बाळाला बसायला मांडी लागती, तिला डिग्री लागत न्हाय हे मला मान्य आहे. पण मग साहेबांसमोर लाज वाटंल अशी मांडी घेताच कशाला? पुण्यात एवढी कॉलेजं आहेत, तिथली एखादी चांगल्या क्लासात पास झालेली मांडी बघा. इस्त्रीची पॅन्ट असेल, बाळानं ओली केली की साहेबलोकांत शोभूनही दिसंल.

आता तुमच्या 'तिकडच्या' कॉलेजाविषयी, जे तुम्ही उभ्या जन्मात पाहिलेलं न्हाय. ते खताच्या गोदामात होतं हे खरं आहे, त्यात लपवायचं काय? बाहत्तर साल. पाऊस न्हाय, ऊस न्हाय, विहिरीच्या तळाला बेडूक न्हाय. शिवप्पाण्णांचा साखर कारखाना कागदावरच वाळून गेला. तेव्हा त्यांनी, ऊस नसंल तर पोरं तरी पिकवू म्हणून, सोसायटीच्या गोदामात कॉलेज काढलं आणि त्याला आपल्या वडलांचं नाव दिलं. कै. भीमाप्पा बसाप्पा सहकार कला महाविद्यालय, कुसळवाडी. पाटी एवढी लांब झाली की गोदामाच्या दाराला पुरंना, 'महाविद्यालय, कुसळवाडी' एवढं बाजूच्या पिठाच्या गिरणीवर गेलं. कितीतरी बाया जोंधळ्याचं गठुडं घेऊन थेट आमच्या वर्गात यायच्या. पहिल्या वर्षाची पोरं सुपर फॉस्फेटच्या पोत्यांवर बसायची, वरच्या वर्गाला युरिया. खताचा ट्रक आला की तास थांबायचा, आम्ही आमचेच बाक पाठीवर वाहून लोकांना विकायला बाहेर काढायचो आणि नवे बाक उतरवून घ्यायचो. अर्थशास्त्राला पंचाक्षरी सर होते, अक्कलकोटकडचे. त्यांना खताच्या वासानं एकसारख्या शिंका यायच्या. सिद्धांत सांगता सांगता शिंक आली की आम्ही तिथं स्वल्पविराम द्यायचो. पण दाजी, सरांनी एक तास बुडवला न्हाय. एस्टी बंद पडली त्या दिवशी सायकल हाणत आले, आणि आल्या आल्या आधी शिंकले, मग हजेरी घेतली.

आणि आता जे लिहितोय ते न लिहायची मला शपथ आहे. पण तुमच्या त्या कडेच्या ओळीनं ती मोडायला लावली.

त्या दुष्काळात सरकारनं आमच्या गावाला रस्त्याचं काम दिलं होतं. रस्ता डांबरी सडकेला जायचा, पण शिवप्पाण्णांनी तो वळवून गोदामाच्या दारावरून नेला. त्यामुळं खडी फोडायची जागा आली नेमकी आमच्या वर्गाच्या खिडकीखाली. उन्हात फाटक्या लुगड्यांची रांग बसलेली, आणि दिवसभर ठाण-ठाण-ठाण. सर आत ओरडायचे ते आम्हाला ऐकू येईना. शेवटी ते बाहेर जाऊन मुकादमाशी बोलले, आणि असं ठरलं की बायांची भाकरीची सुट्टी तोच अर्थशास्त्राचा तास. तुमच्या पुण्यात घंटा होत असंल, आमचं टाइमटेबल मुकादमाच्या शिट्टीवर चालायचं. शिट्टी झाली की हातोड्या थांबायच्या, बाया खिडकीखालच्या सावलीला रेशनच्या लाल मिलो जोंधळ्याच्या भाकरी सोडायच्या, आणि आत सर मागणी-पुरवठा सुरू करायचे.

त्या रांगेत आमची हरणाक्का होती.

मेंढरं चाऱ्यावाचून गेली होती, घरातल्या प्रत्येकाला कामावर जाणं भाग होतं. माझंही नाव मुकादमानं घेतलं होतं. आक्का आबांना म्हणाली, "व्यंकटला बसू द्या आत. त्याच्या वाटणीची खडी मी फोडीन." म्हणजे दाजी, आत सावलीत पोत्यावर मी, आणि भिंतीपलीकडं उन्हात ती, माझ्या वाटणीचा दगडपण तिच्याच पुढ्यात. भाकर खाता खाता ती खिडकीतनं सरांचं ऐकायची. सातवीनंतर तिची शाळा सुटली होती, ती तिनं अशी पुढं चालवली. भाजीवाल्याशी भांडताना आज बाजारात माल किती आलाय ते ती आधी विचारती, म्हणून तुम्ही मित्रांसमोर तिचं कौतुक करता ना? ते शिक्षण तिकडचंच आहे.

तुम्ही तिला बघायला आलात ते त्र्याहत्तरच्या दिवाळीनंतर. पोह्यांची बशी देताना तुमचं लक्ष तिच्या तळव्याकडं गेलं आणि तुम्ही आबांना विचारलं की मुलीच्या हाताला घट्टे कशाचे? आबा म्हणाले, घागरीच्या दोराचे. तुम्ही मान डोलावली. सुशिक्षित माणूस, तुम्हाला दोराचा घट्टा आणि हातोड्याचा घट्टा यातला फरक कळला न्हाय. साहेबाला बायको खडी फोडणारी कशी चालंल, अशी भीती घरात सगळ्यांना होती, म्हणून आक्कानंच मला शपथ घातली की हे त्यांना कधी कळू देऊ नको. रस्ता पुरा झाल्यावर उरलेली खडी शिवप्पाण्णांनी कॉलेजच्या पायात भरली आणि त्यावर दोन पक्क्या खोल्या उठवल्या. बारशाच्या दिवशी तुम्ही ज्या कॉलेजावर हसलात ते तिच्या खडीवर उभं आहे. तुम्ही हसत होता तेव्हा ती चहाचा ट्रे घेऊन दारातच होती. तुम्हाला वाटलं मेहुण्याची थट्टा केली. माझं सोडा हो, मी तिकडचा, मला सवय आहे. पण तिच्या तोंडाकडं मी पाहिलं, तुम्ही पाहिलं न्हाय. माझा सगळा राग तेवढाच आहे.

असो. लिहिण्यात कमीजास्त झालं असेल तर ते कमीच झालं आहे असं समजावं. लहानाला पापा, आक्काला नमस्कार, साहेबांना काहीच न्हाय.

आपला मेहुणा,
व्यंकट धुळाप्पा, बी.ए. (तिकडचा)

ता. क. : मांडी एका अटीवर मिळंल. सोनारीला देवळासमोर, न्हाव्यानं वस्तरा लावायच्या आधी, तुमच्या दोन्ही साहेबांना माझी ओळख तुम्ही स्वतः करून द्यायची. कॉलेजचं नाव 'कै.'पासून 'कुसळवाडी'पर्यंत पुरं घ्यायचं. लांब आहे, आतापासून रोज म्हणून बघावं.

ता. क. दुसरा : आईला हे पत्र वाचून दाखवलेलं न्हाय. तिनं टोपड्याला लाल गोंडा लावलाय आणि बाळाच्या डोक्याचं माप विचारती. केस काढल्यानंतरचं माप पाहिजे. अंदाजानं कळवावं.

ता. क. तिसरा, आणि हा दाजींना न्हाय : आक्का, दाजी फिरतीवर असत्यात आणि घरचं टपाल तूच फोडतीस हे मला ठाऊक आहे. म्हणूनच कार्डावर लिहिलं न्हाय, पाकिटात घातलं. तुझी शपथ मोडली, त्याबद्दल सोनारीला भेटलीस की काय मारायचं ते मार. आता हे पत्र त्यांना द्यायचं का स्टोव्हवर धरायचं ते तू ठरव. स्टोव्हवर धरलंस तरी मी येणार आहे, अट-बीट काही न्हाय, बाळाला दुसऱ्या कुणाच्या मांडीवर बसू देणार न्हाय. पण द्यायचं ठरवलंस तर टेबलावर ठेवू नको. पोह्यांची बशी दिली होतीस तसं हातात दे.